30 क्रेडिट आणि आपले केसपेपर

तालुक्याच्या गावी जनरल प्रॅक्टिस करणाऱ्या एका डॉक्टर भगिनीचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: "पुढच्या वर्षी महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडच्या नोंदणीचं नूतनीकरण आहे आणि त्यासाठी लागणारी क्रेडिट अजून बरीच कमी आहेत. सीएमई, म्हणजे डॉक्टरांच्या निरंतर शिक्षणाचे कार्यक्रम, होतात ते जिल्ह्याला, रविवारी. मूल लहान आहे, दवाखाना एकटीचा आहे. सही करून निघून आलं तरी चालतं, असं ओळखीचे सांगतात. या सक्तीला काही अर्थ आहे का? आणि खरंच अद्ययावत राहायचं तर माझ्यासारखीनं नेमकं काय करावं?"

आधी सरळ उत्तर देतो. क्रेडिट पूर्ण करा, आणि बसून पूर्ण करा. पण ती भरली म्हणजे आपण सक्षम राहिलो असं समजू नका. नोंदणी चालू ठेवणं हे एक काम आणि रुग्णासमोर योग्य निर्णय घेत राहणं हे दुसरं. पहिल्यासाठी नियम आहे. दुसऱ्याची व्यवस्था आपली आपल्यालाच लावावी लागते, आणि ती तालुक्याच्या गावात बसूनही उत्तम लावता येते.

नियम मुळात फार जड नाही. वैद्यकीय व्यावसायिकांच्या आचारसंहितेचे 2002चे विनियम सांगतात की डॉक्टरने पाच वर्षांत किमान 30 तास निरंतर वैद्यकीय शिक्षणात भाग घ्यावा. 2 ऑगस्ट 2023 रोजी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नवे विनियम काढले, पण त्याच महिन्याच्या 23 तारखेला ते स्थगित केले आणि 2002चेच पुन्हा लागू केले. महाराष्ट्रात हे शिक्षण क्रेडिटच्या रूपात मोजतात आणि त्याची सांगड दर पाच वर्षांच्या नूतनीकरणाशी घातलेली आहे, म्हणून आपल्याकडे ते टाळता येत नाही. आता हिशोब करा. पाच वर्षांत 30 तास म्हणजे वर्षाला 6, महिन्याला अर्धा तास. महिन्याला अर्ध्या तासात आपलं शास्त्र ओंजळीत राहील असं कोणीही म्हणणार नाही. ही किमान पायरी आहे, आणि तिच्याकडे तेवढ्याच अपेक्षेने पाहावं.

मग सक्ती हवीच कशाला, असा पुढचा प्रश्न येतो. "ज्याला शिकायचं आहे तो शिकतोच" हे वाक्य आपल्या बैठकांत नेहमी ऐकू येतं. मला ते पटत नाही. आपल्याला काय येत नाही हे आपलं आपल्याला कळतं, असं हे वाक्य गृहीत धरतं. 2006मध्ये 'जामा' या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात टोरांटोच्या डेव्ह डेव्हिस आणि सहकाऱ्यांनी एक आढावा प्रसिद्ध केला. डॉक्टरांनी स्वतःला दिलेले गुण आणि बाहेरून मोजलेली त्यांची कामगिरी यांचा मेळ बहुतेक अभ्यासांत बसत नव्हता, आणि सर्वांत मोठी तफावत होती ती ज्यांची कामगिरी सर्वांत कमी आणि आत्मविश्वास सर्वांत जास्त होता त्यांच्यात. त्याच्या आदल्या वर्षी 'ॲनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन'मध्ये 62 अभ्यासांचा आढावा आला होता. प्रॅक्टिसची वर्षं वाढतात तसं मोजलेल्या सर्व बाबतींत कामगिरी घसरते, असं त्यांपैकी निम्म्याहून अधिक अभ्यासांना दिसलं.

माझ्या वयाच्या डॉक्टरांना हे वाचायला आवडत नाही. पण त्याचं कारण आपल्या रोजच्या कामातच आहे. अनुभव शिकवतो तो परत येणाऱ्या रुग्णांकडून. ज्याला गुण आला नाही तो बहुधा परत येतच नाही. तो शेजारच्या गावातल्या डॉक्टरकडे जातो, जिल्ह्याला जातो, किंवा घरी बसतो. आपल्या डोक्यात मात्र तो "बरा झाला" या खान्यात नोंदला जातो. अशी वीस वर्षं गेली की आपल्या उपचारांवरचा विश्वास पक्का होतो, आणि त्या विश्वासाला अर्ध्याच बातम्यांचा आधार असतो. शहरातल्या मोठ्या रुग्णालयात कोणी सीनियर राउंडला विचारतो, कोणी रेसिडेंट शंका काढतो. एकट्याच्या दवाखान्यात तुम्हाला अडवणारं कोणी नसतं. बाहेरून थोडी सक्ती असावी असं मला वाटतं ते यासाठीच.

आता तिची मर्यादा. तास मोजले की हजेरी मोजली जाते. रविवारची सीएमई कशी होते हे तुम्ही पाहिलं आहे. नऊला नोंदणी, दीपप्रज्वलन, सत्कार, मग वीस मिनिटांच्या भाषणात साठ-सत्तर स्लाइड, प्रश्नांना वेळ उरत नाही, आणि जेवणानंतर निम्म्या खुर्च्या रिकाम्या. परिषद निरीक्षक पाठवते, म्हणून शिस्त थोडी सुधारली आहे, आणि ते चांगलंच झालं. पण निरीक्षक खुर्चीत कोण बसलं आहे ते पाहू शकतो, सोमवारी त्या डॉक्टरच्या प्रिस्क्रिप्शनमध्ये काय बदललं ते त्याला दिसणं शक्य नाही. डेव्हिस यांनीच 1999मध्ये नियंत्रित चाचण्या एकत्र करून दाखवलं होतं की नुसतं व्याख्यान ऐकून डॉक्टरांची वागणूक बदलत नाही. केसवर चर्चा, हातांनी सराव, आणि मधल्या काळात करून पाहून पुन्हा एकत्र येणं असेल, तर बदलते. हे माहीत होऊन पाव शतक झालं. तरीही आपल्या बहुसंख्य सीएमई व्याख्यानांच्याच आहेत, कारण व्याख्यान ठेवणं सोपं असतं आणि प्रायोजकालाही तेच सोयीचं पडतं.

प्रायोजकांबद्दल माझं मत स्पष्ट आहे. 2009च्या दुरुस्तीने औषध कंपन्यांकडून भेटी, प्रवासखर्च, पाहुणचार घ्यायला डॉक्टरांना मनाई केली. मार्च 2024च्या औषध विपणन संहितेने कंपन्यांच्या पैशावर परदेशात अशा परिषदा भरवणंही बंद केलं. तरी विषय कोणता आणि वक्ता कोण हे ठरवताना ज्याचे पैसे त्याचा शब्द चालतो, हे आयोजनात राहिलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. डॉक्टरांच्या असोसिएशनच्या शाखेने वर्गणी थोडी वाढवावी, वैद्यकीय महाविद्यालयाचं किंवा शाळेचं सभागृह घ्यावं, पोह्यांवर भागवावं. आपल्या शिक्षणाचा खर्च आपण करावा. दुसऱ्याने केला तर तो रुग्णाच्या औषधाच्या किमतीतून वसूल होतो.

पण खरा पेच याहून खोल आहे. मुंबई आणि पाटणा इथे 2014-15मध्ये खासगी डॉक्टरांकडे प्रशिक्षित 'रुग्ण' पाठवण्यात आले. ठरलेली तक्रार ठरल्याप्रमाणे सांगणारी ही माणसं, आणि त्यांतली एक तक्रार क्षयरोगाची, अगदी पुस्तकी: दोन-तीन आठवड्यांचा खोकला आणि ताप. 2,652 भेटींपैकी साधारण 35 टक्के भेटींतच योग्य व्यवस्थापन झालं. त्याआधी दिल्लीत केलेल्या अशाच अभ्यासात 250पैकी 52 भेटी योग्य ठरल्या होत्या. दिल्लीत त्याच डॉक्टरांना केस कागदावर लिहून दिली तेव्हा मात्र उत्तरं बरीच चांगली आली. म्हणजे दोन आठवड्यांच्या खोकल्याला थुंकी तपासायची हे त्यांना ठाऊक होतं, पण समोर माणूस बसला की हात अँटिबायोटिककडे जात होता.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला इथेच दिसतं. क्षयरोगावर आणखी एक व्याख्यान ऐकून ही दरी भरणार नाही. टेबलाच्या खणात थुंकीचे डबे ठेवून, तपासणीचे फॉर्म आधीच हाताशी ठेवून, सीबीनॅटच्या (क्षयरोगाच्या जलद तपासणीच्या) केंद्रावरच्या तंत्रज्ञाचा नंबर भिंतीवर लावून ती भरते. आणि आपण खरंच तसं करतो का, हे अधूनमधून मोजून. ज्ञान डोक्यात असतं, सक्षमता आपल्या केसपेपरवर दिसते. म्हणून अद्ययावत राहायचं असेल तर सुरुवात तिथून करा.

कसं करायचं ते सांगतो. एखाद्या संध्याकाळी ओपीडी संपल्यावर मधुमेहाच्या शेवटच्या वीस रुग्णांचे केसपेपर काढा. निवडून काढू नका, जे हाताला येतील ते घ्या. एका कोऱ्या कागदावर पाच रकाने आखा: गेल्या सहा महिन्यांत एचबीए1सी (तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी तपासणी) झालं का, वर्षभरात लघवीतलं अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन पाहिलं का, डोळ्यांचा पडदा तपासायला पाठवलं का, पाय उघडे करून पाहिले का, रक्तदाब किती आहे. जे लिहिलेलं नाही ते झालेलं नाही, असं धरा. हा नियम कठोर वाटेल, पण तो सोडला तर सगळा खटाटोप वाया जातो. बहुतेक दवाखान्यांत साखरेचा रकाना भरलेला निघतो आणि पायांचा रिकामा. आपल्या भागात माणसं शेतात अनवाणी किंवा साध्या चपलेवर वावरतात. 10 ग्रॅमचा मोनोफिलामेंट, म्हणजे पावलाची संवेदना तपासायचा धागा, स्वस्तात मिळतो आणि एका पायाला मिनिटही लागत नाही. तरी पाय पाहायचा राहतो, कारण रुग्ण चप्पल दाराबाहेर काढून येतो, खुर्चीत बसतो, आणि त्याची पावलं टेबलाखाली जातात. खुर्ची टेबलाच्या बाजूला हलवली की पावलं दिसू लागतात. इतक्या लहान गोष्टीनेही पुढच्या तीन महिन्यांचे केसपेपर बदलतात.

तीन महिन्यांनी पुन्हा वीस केसपेपर काढा, तेच रकाने. यावर 140 चाचण्यांचा एक आढावा आहे, 2012चा, वैद्यकीय संशोधन एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेचा. अशा तपासणीने आणि प्रतिसादाने योग्य वागणुकीत झालेल्या वाढीचा मध्यक (मीडियन) साधारण 4 टक्के इतकाच निघाला. आकडा लहान आहे, ते मान्य. पण ज्यांची सुरुवात खालून होती, ज्यांना प्रतिसाद पुन्हा पुन्हा, तोंडी आणि लेखी, वरिष्ठाकडून किंवा सहकाऱ्याकडून मिळाला आणि ज्यांनी ठोस उद्दिष्ट ठरवलं, त्यांच्यात सुधारणा जास्त झाली. म्हणून हा कागद कोणा एका सहकाऱ्याला दाखवा, आणि त्याचा तुम्ही पाहा.

ब्रिटनमध्ये डिसेंबर 2012पासून डॉक्टरांचं पुनःप्रमाणीकरण सुरू आहे आणि तिथल्या सेवेत आपले मराठी डॉक्टरही ते करतात. तिथे तासांची नोंद असतेच, पण सोबत स्वतःच्या कामाची तपासणी, घडलेले गंभीर प्रसंग, तक्रारी आणि कौतुक हे दरवर्षी दुसऱ्या डॉक्टरसमोर बसून पाहायचं असतं, आणि पाच वर्षांत किमान एकदा सहकाऱ्यांचं आणि रुग्णांचं मतही. कागदपत्रांचा बोजा फार, अशी तिथल्यांची तक्रार असते आणि ती खरी आहे. ती यंत्रणा जशीच्या तशी इथे आणावी असं मी म्हणणार नाही, कारण आपल्याकडे एकट्या डॉक्टरजवळ तो वेळ नाही आणि तपासणारी माणसंही नाहीत. पण "तुझ्या दवाखान्यात या वर्षी काय बिघडलं आणि त्यातून काय बदललंस?" हा एक प्रश्न आपल्या परिषदेने नूतनीकरणाच्या अर्जात विचारायला हरकत नाही. त्याचं उत्तर लिहायला जो विचार करावा लागेल तो अनेक व्याख्यानांपेक्षा मोलाचा ठरेल.

हातांच्या कौशल्यांचं वेगळं सांगावं लागतं, कारण ती ज्ञानापेक्षा लवकर जातात. सीपीआरचं, म्हणजे हृदय थांबल्यावर छाती दाबण्याचं, प्रशिक्षण घेतल्यावर तीन ते सहा महिन्यांत हात ढिले पडू लागतात, आणि प्रमाणपत्र दोन वर्षं चालतं. मिनिटाला 100 ते 120 दाब, मोठ्या माणसात 5 ते 6 सेंटिमीटर खोल, आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ देणं: हे वाचून येत नाही. तालुक्यात एक पुतळा चार दवाखान्यांनी मिळून घ्यावा, दर तीन महिन्यांनी सिस्टर आणि वॉर्डबॉयसह दहा-दहा मिनिटं सराव करावा. रक्तदाबाचंही तसंच. रुग्ण पायऱ्या चढून आलेला, हात लोंबता, पाठ टेकलेली नाही, दंडाला लहान पडणारा कफ, आणि आपण बोलत बोलत मोजतो. यातल्या प्रत्येक गोष्टीने आकडा वर जातो, आणि त्या आकड्यावर माणसाला जन्मभराची गोळी लागते. पाच मिनिटं बसू द्यावं, हात हृदयाच्या उंचीवर टेकवावा, योग्य मापाचा कफ बांधावा. कोणत्याही नव्या औषधाच्या माहितीआधी मी हे पाहीन.

कोकणात, विदर्भात, घाटाखाली काम करत असाल तर सर्पदंशाची वीस मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी तुमच्या सिस्टरला झोपेतून उठवलं तरी करता आली पाहिजे. नवी, कोरडी, काचेची नळी, शिरेतलं ताजं दोन मिलिलिटर रक्त, वीस मिनिटं हात न लावता उभी ठेवायची, मग एकदाच तिरपी करून पाहायची. रक्त पातळच वाहिलं तर विषाने गोठण्याची क्रिया बिघडवली आहे. साबणाने धुतलेली नळी वापरली तर उत्तर चुकतं, प्लास्टिकची वापरली तरी चुकतं. आपल्या कपाटात या क्षणी कोऱ्या काचेच्या नळ्या आहेत का, हे आजच पाहा.

विंचवाचा विषय निघाला की महाडचं नाव येतंच. डॉ. हिंमतराव बावस्कर रायगड जिल्ह्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते, तेव्हा विंचूदंशाने मुलं फुप्फुसात पाणी होऊन जात. त्यांनी रुग्णाजवळ बसून नाडी, दाब, श्वास यांच्या नोंदी ठेवल्या, वाचन केलं आणि प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरून पाहिलं. 1986मध्ये ते काम 'लॅन्सेट'मध्ये आलं. पुढे 2011मध्ये प्रतिविष आणि प्राझोसिन एकत्र दिल्यास फक्त प्राझोसिनपेक्षा लवकर बरं वाटतं, हेही त्यांनीच 'बीएमजे'त दाखवलं. स्वतःचा उपचार गाजल्यावरही तो पुन्हा तपासायला घेतला, हे मला त्यातलं सर्वांत मोठं वाटतं. त्यांच्याजवळ होत्या त्या नोंदी, आणि नोंदी ठेवायला ग्रामीण दवाखाना कुठेही कमी पडत नाही.

काही बदल मात्र केसपेपरमधून कळत नाहीत, ते सरकारी आदेशाने येतात. 12 वर्षांखालच्या मुलांना निमेसुलाइड द्यायला 2011पासून मनाई आहे. ऑगस्ट 2024मध्ये औषधांच्या 156 ठरावीक मिश्रणांवर बंदी आली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बहुऔषध-प्रतिरोधी क्षयरोगासाठी सहा महिन्यांच्या बीपाम उपचाराला केंद्राने मान्यता दिली. आधीचे उपचार वीस महिन्यांपर्यंत चालत. आणि डिसेंबर 2023मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांनी सांगितलं होतं की क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलेफ्रिन यांचं सर्दीचं मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये. 2025च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा परिसरात खोकल्याचं एक सिरप घेतलेली वीसहून अधिक मुलं दगावली. त्यांतल्या अनेकांना नागपूरला आणलं होतं. त्या सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन निघालं. भेसळ ही उत्पादकाची आणि तपासणी यंत्रणेची जबाबदारी, यात शंका नाही. पण त्या सिरपमध्ये ही दोन्ही औषधंही होती. तो आदेश प्रत्येक दवाखान्यापर्यंत पोचून पाळला गेला असता, तर चार वर्षांखालच्या मुलांसाठी ते सिरप लिहिलंच गेलं नसतं. हे मनाला फार लागतं.

म्हणून महिन्यातला एक दिवस ठरवा, समजा पहिला सोमवार. केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेच्या संकेतस्थळावरच्या सूचना आणि औषध-सुरक्षा कार्यक्रमाचे इशारे वाचा. पंधरा मिनिटं पुरतात. जे तुमच्या प्रॅक्टिसला लागू आहे ते कागदावर लिहून टेबलाच्या काचेखाली ठेवा आणि शेजारच्या मेडिकलवाल्यालाही द्या. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या पीडीएफवर आणि एमआरच्या (औषध कंपनीच्या प्रतिनिधीच्या) माहितीपत्रकावर हे काम सोपवू नका.

दुसरं, एक छोटी वही खिशात ठेवा. रुग्ण समोर असताना ज्याचं उत्तर आलं नाही तो प्रश्न लिहायचा, रात्री शोधायचा, आणि त्या रुग्णाच्या पुढच्या फेरीत वापरायचा. तिसरं, तालुक्यातल्या पाच-सहा डॉक्टरांचा गट करा. बहुतेक गावांत आठवड्यातून एक दुपार दवाखाने बंद असतात, तीच घ्या. नियम दोनच ठेवा: प्रत्येकाने स्वतःची अडलेली केस आणायची, आणि बाहेरचे पैसे घ्यायचे नाहीत. लॅबवाल्या तंत्रज्ञाला आणि औषधविक्रेत्याला कधीमधी बोलवा. आपण कुठे चुकतो हे त्यांना आपल्याआधी दिसतं आणि विचारल्याशिवाय ते सांगत नाहीत. मूल घेऊन येता येईल अशा घरी बसा. डॉक्टर आई असणं हे शिकण्याच्या आड येऊ नये, हे पाहणं बाकीच्या सहकाऱ्यांचंही काम आहे.

आता तुमच्या क्रेडिटचं. सही करून निघून येण्याचा विचार सोडा. नोंदणी हा तुमच्या व्यवसायाचा पाया आहे, खोट्या हजेरीवर तो उभा करण्यात धोका आहे, आणि त्या दिवशी जे शिकता आलं असतं तेही जातं. परिषदेच्या पोर्टलवर स्वतःच्या खात्यात किती क्रेडिट जमा दिसतात ते आजच पाहा, कारण हजर राहूनही आयोजकाकडून नोंद राहून गेल्याची उदाहरणं असतात. प्रमाणपत्रांची एक फाइल ठेवा, त्यांवरचं नाव आणि नोंदणी क्रमांक जुळतो का ते तपासा. ऑनलाइन कार्यक्रमांची किती क्रेडिट धरतात यासाठी परिषदेचं ताजं परिपत्रक वाचा, मित्राच्या सांगण्यावर जाऊ नका. उरलेल्या महिन्यांत व्याख्यानांऐवजी कार्यशाळा निवडा: सीपीआर, इन्सुलिन सुरू करणं, नवजात बाळाचं पुनरुज्जीवन. आणि तुमच्या असोसिएशनच्या जिल्हा शाखेला पत्र लिहा की मान्यताप्राप्त सीएमई वर्षातून दोनदा तालुक्याला घ्या, विषय सर्पदंश आणि मधुमेही पाय. पत्रावर गटातल्या सगळ्यांच्या सह्या घ्या. अशी पत्रं शाखेकडे फारशी जात नाहीत, त्यामुळे आलेल्या पत्राकडे दुर्लक्ष करणं त्यांना अवघड जाईल.